पैठणी चढली, पीसी उतरला

१९९५ च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात एक मेगाबाइट रॅमचा भाव तीस डॉलरच्या आसपास होता. म्हणजे आठ एमबीला अडीचशे डॉलर. डॉलर तेव्हा साडेएकतीस रुपयांच्या जवळपास होता, तेव्हा हिशेब पावणेआठ हजारांवर जातो. त्यात सीमाशुल्क, विक्रीकर, दुकानदाराचा नफा यांतलं काहीच धरलेलं नाही. त्या वर्षी सोन्याचा सरासरी भाव तोळ्याला ४,७०० रुपयांच्या आत होता. थोडक्यात, खिशात मावेल एवढी ती हिरवी पट्टी दीड तोळा सोन्याहून महाग होती. आजच्या मोबाइलनं काढलेल्या दोन-तीन फोटोंत ती भरून जाईल.

हिशेब तोळ्यात मांडला, कारण येवल्यात तो सगळ्यांना लगेच कळतो. या गावात सोनं केवळ सराफाच्या पेढीवर नसे, ते मागावरही असे. पैठणीच्या पदरात एके काळी खरी जर पडायची, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. तिचा भाव हलला की लुगड्याचा भाव हलायचा. रघुजी नाईकांनी पैठणहून विणकर आणून इथे वसवले असं सांगितलं जातं. तेव्हापासून कुठली वस्तू किती कष्टाची आणि तिची किंमत किती, हा या गावाचा रोजचा विषय आहे. अशा गावात बसून कॉम्प्युटरच्या जुन्या जाहिराती आणि जुने भाव आठवायला लागलं की नुसतं हळहळून भागत नाही. एक सरळ प्रश्न पडतो. गेल्या चाळीस वर्षांत एक वस्तू चढतच गेली आणि दुसरी उतरतच गेली, असं का झालं?

मुळात कॉम्प्युटरला छापील किंमत असते हे आपल्याकडे बराच काळ कुणाला ठाऊक नव्हतं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनं १९५५-५६ च्या सुमारास ब्रिटनहून एचईसी-२एम हे यंत्र कोलकात्याला आणलं. ते दोन लाख रुपयांना पडलं. त्या काळच्या भावानं तेवढ्या पैशात पंचवीस किलो सोनं आलं असतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं स्वतःच यंत्र बांधलं आणि १९६० मध्ये सुरू केलं. नेहरूंनी पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. बांधलेल्या यंत्राची जाहिरात कोण करणार? १९६१ मध्ये मुंबईच्या एस्सो तेल कंपनीत आयबीएम १४०१ आलं आणि व्यापारी कामासाठी कॉम्प्युटर वापरायला देशात सुरुवात झाली. पण आयबीएमची रीत यंत्र विकण्यापेक्षा भाड्यानं देण्याची होती. अमेरिकेत १४०१ चं भाडं महिन्याला अडीच हजार डॉलरपासून सुरू व्हायचं. ज्याचं फक्त भाडं असतं त्याच्या किमतीची आठवण कुणाच्या मनात राहणार? जुन्या भावांची हळहळ वाटायला वस्तू आधी विकत मिळावी लागते.

ती मिळू लागली आयबीएम गेल्यावर. जनता सरकारच्या काळात परकीय भांडवलाच्या मर्यादेवरून वाद झाला आणि १९७८ मध्ये आयबीएमनं गाशा गुंडाळला. तिची जागा देशी कंपन्यांनी घेतली. दिल्लीची एचसीएल १९७६ पासून उभी होती, डीसीएम होती, मुंबईत झेनिथ आली. आणि खानदेशात अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तूप करायला निघालेली एक कंपनी १९८० च्या सुमारास या धंद्यात उतरली. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ एवढं लांबलचक नाव आखडून झालेली ही विप्रो. जिचा ७८७ नंबरचा धुण्याचा साबण घराघरात होता, ती आता दिमाखात कॉम्प्युटर विकते आहे, हा त्या काळातला मला सगळ्यांत गमतीचा वाटणारा प्रकार. उत्तर महाराष्ट्रानं कॉम्प्युटरच्या इतिहासात घातलेली ही भर अजून पुरेशी मिरवली गेलेली नाही.

अमेरिकेत तोवर जाहिरातींना ऊत आला होता. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. सुटे भाग घरी आणून स्वतः जोडायचे, किंमत ३९७ डॉलर. ना पडदा, ना कीबोर्ड, नुसते खटके आणि लाल दिवे. पुढच्या वर्षी अ‍ॅपलचा पहिला बोर्ड ६६६ डॉलर ६६ सेंटला आला. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं पीसी आणला तो १,५६५ डॉलरला. या किमतीत १६ केबी मेमरी होती. फ्लॉपीचा ड्राइव्ह नव्हता, मॉनिटरही नव्हता. टीव्ही आपला जोडा आणि प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवा, असा मामला. जाहिरातीत मात्र चार्ली चॅप्लिनचा टोपी-काठीवाला भटक्या यायचा आणि हे यंत्र तुमच्या-आमच्यासाठीच आहे असं भासवायचा. ज्या चॅप्लिननं ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये यंत्रयुगाची यथेच्छ टिंगल केली, त्याचंच रूप घेऊन जगातल्या सर्वांत मोठ्या कॉम्प्युटर कंपनीनं आपलं यंत्र खपवलं. जाहिरातवाल्यांच्या धीटपणाला दाद द्यावी तेवढी थोडी.

त्या १,५६५ डॉलरचे तेव्हाच्या दरानं साडेतेरा हजार रुपये होत, म्हणजे साडेसात तोळे सोनं. पण हा झाला कागदावरचा हिशेब. भारतात तो पीसी त्या भावात मिळणं शक्यच नव्हतं. आयातीला परवाना लागे आणि परवान्यावर जबर शुल्क. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण जाहीर केलं, सुट्या भागांची वाट थोडी मोकळी झाली आणि देशी पीसीचे भाव पहिल्यांदा गडगडले. मद्रासच्या स्टर्लिंग कॉम्प्युटर्सनं ‘शिवा’ नावाचा पीसी बाजारभावाच्या पुष्कळ खाली विकून बाकीच्या कंपन्यांची झोप उडवली. तरीही पीसी ही वस्तू मध्यमवर्गाच्या टप्प्यात आली नव्हतीच.

या काळातल्या भारतीय जाहिराती पाहायच्या तर १९८२ पासून निघणारं ‘डेटाक्वेस्ट’ आणि १९८७ पासूनचं ‘पीसीक्वेस्ट’ चाळावं लागतं. त्यांत एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. अमेरिकेच्या ‘बाइट’ मासिकात किमतींचे तक्तेच्या तक्ते असत, बारीक टायपात, सेंटसकट. आपल्याकडच्या बहुतेक जाहिरातींत टायवाला साहेब असे, टेबल असे, यंत्र असे, आणि किंमत नसे. किमतीसाठी पत्र पाठवा. ज्याला किंमत विचारावी लागते त्याला ती परवडत नाही, असा काहीसा तोरा त्यात होता. मला तरी यात गिऱ्हाइकाशी प्रामाणिकपणा कमी आणि रुबाब जास्त दिसतो.

पुण्यात मात्र थोडं वेगळं चाललं होतं. डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या सिंक्लेअरचा परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, ती किरकिरत वाजली की गेम चढायचा. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. तो जाहिरातीत दिसण्याचा प्रश्न नव्हता. त्याच संस्थेचं जिस्ट कार्ड मात्र पीसीत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची. मराठी अक्षरं पडद्यावर आली आणि तालुक्याच्या गावांतले छापखाने हळूहळू बदलले. खिळे जुळवणारे कंपोझिटर मागे पडले, डीटीपीवाले आले. लग्नपत्रिकेवरचा गणपती आता घासल्या ब्लॉकचा न राहता गुळगुळीत झाला. येवल्यासारख्या गावात कॉम्प्युटरनं आधी जागा पटकावली ती अशी, छापखान्यात आणि हिशेबाच्या टेबलावर. घरात त्याला प्रवेश बऱ्याच उशिरा मिळाला.

मग क्लास आले. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या शेजारी, बहुधा वरच्या मजल्यावर, एका काचेच्या खोलीत तीन-चार मशीन. गावात एसी इतरत्र क्वचितच, पण इथे असायचा. चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीनं मशीन बिघडतं. देवळानंतर चपला काढून जायची हीच जागा, असं तेव्हा गमतीनं म्हणत. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस, पुढे फॉक्सप्रो आणि टॅली, असा अभ्यासक्रम. एका मशीनवर दोघं. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं बघायचं. फी ऐकून बापाच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तरी पोराला घातलं जाई, कारण पेपरातली नोकरीची जाहिरात कॉम्प्युटरचं ज्ञान आवश्यक म्हणू लागली होती. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी सुरू झाली. सरकारी नोकरीसाठी तिचं प्रमाणपत्र लागू लागलं, तसं प्रत्येक तालुक्यात केंद्र उघडलं. मराठी माणूस कॉम्प्युटर शिकला तो कुठल्या चकचकीत जाहिरातीमुळे शिकला नाही. तो या सक्तीमुळे शिकला. कुणाला हे विधान रुक्ष वाटेल, पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला विचारून पाहा.

पण जुन्या भावांची खरी ओढ आहे ती नव्वदच्या दशकाची, आणि तीही मासिकांतल्या रंगीत पानांची नव्हे. ती आहे कोटेशनची.

येवल्याच्या माणसाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला तर दोन वाटा होत्या. एक नाशिकची. दुसरी अधिक धाडसाची: मनमाड गाठायचं, पहाटेची पंचवटी पकडायची, दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं तिथे कुणी पत्ता विचारला नसावा. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांची ही जुनी पेठ कॉम्प्युटरची झाली होती. एकेका जिन्यावर, पोटमाळ्यावर दुकानं. काउंटरवर दुकानदाराच्या हाताखाली त्या दिवशीची प्राइस लिस्ट.

कोटेशन म्हणजे डॉट मॅट्रिक्सवर छापलेला, कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला कागद. वर दुकानाचं नाव, खाली ओळीनं: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, १.४४ एमबी फ्लॉपी ड्राइव्ह, डिस्प्ले कार्ड, १४ इंची रंगीत मॉनिटर, कॅबिनेट एसएमपीएससकट, १०१ कळांचा कीबोर्ड, माऊस पॅडसह. पॅड फुकट आहे हे आवर्जून लिहिलेलं. सीडी-रॉम, साउंड कार्ड आणि स्पीकर या तीन ओळी मल्टिमीडिया या भारदस्त मथळ्याखाली वेगळ्या, म्हणजे ऐपत असेल तर घ्या. तळाला अटी. कर वेगळा. जळालेल्या किंवा फुटलेल्या मालाला वॉरंटी नाही. आणि सर्वांत महत्त्वाची ओळ, भाव अमुक दिवसांपुरता. कधी आठवडा, कधी फक्त आजचा दिवस.

ही शेवटची ओळ उगाच नव्हती. १९९३ च्या ४ जुलैला जपानच्या निहामा गावात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जे काळं कवच चढवतात त्यासाठी लागणारं रेझिन तिथे बनायचं, आणि जगाचा निम्म्याहून जास्त पुरवठा त्या एका जागेहून व्हायचा. काही दिवसांत रॅमचे भाव जगभर उसळले. १९९९ च्या २१ सप्टेंबरला तैवानला भूकंप झाला, पुन्हा तेच. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क कडाडल्या. निफाड-येवल्याकडच्या माणसाला भावाचे हे झटके नवे नव्हते. कांद्यानं त्याला ते पिढ्यान्‌पिढ्या दिले आहेत. फरक इतकाच की कांदा चाळीत ठेवून भाव चढायची वाट शेतकरी बघतो, आणि इथे वाट गिऱ्हाईक बघत होतं, भाव उतरायची. आणि त्याला ती फार बघावी लागायची नाही. ज्या रॅमचा एमबीमागे भाव १९९५ च्या सुरुवातीला तीस डॉलर होता, तो १९९६ संपता संपता पाच डॉलरवर आला. ज्यानं दीड तोळ्याच्या भावात ती पट्टी घेतली होती, त्यानं त्या सालच्या दिवाळीत दुकानात जाऊ नये हेच बरं.

आता एक विंडोज ९५ चं उदाहरण. २४ ऑगस्ट १९९५ ला ती बाजारात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या खोक्यावर किमान चार एमबी रॅम लिहिलेली होती. चार एमबीवर ती कशी चालायची हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. स्टार्टवर क्लिक करून चहा सांगावा. म्हणून सगळे आठ घ्या म्हणत. म्हणजे खोक्यावरच्या एका ओळीमागे लपलेला खर्च पावणेचार हजार रुपयांचा. जाहिराती खोटं बोलत नाहीत, फक्त किमान शब्दावर सगळा भार टाकतात.

ब्रँडेड की असेंबल्ड हा त्या काळातला मोठा वाद. ब्रँडेडवाल्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात पान-पानभर येत. झेनिथ तर दर्जा बहुराष्ट्रीय आणि किंमत भारतीय असल्याचं ठासून सांगायची. असेंबल्डची जाहिरातच नसे. ती तोंडी चाले. अमक्याच्या पुतण्यानं घेतला, पंधरा हजार वाचले. वाचलेले पैसे टीव्हीएस गोल्ड कीबोर्डला जात, जो खटखट आवाज करी आणि वर्षानुवर्षं बिघडत नसे, किंवा यूपीएसला. यूपीएस ही चैन नव्हती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे की कॉम्प्युटर घेतला तरी तो चालवायचा कधी हे वीज मंडळ ठरवत असे. मॉनिटर थर्माकोलमध्ये बसवून, खोक्याला सुतळी बांधून, संध्याकाळच्या पंचवटीत तो मांडीवर घेऊन बसलेले लोक त्या वर्षांत हमखास दिसत. पिक्चर ट्यूबचा तो मॉनिटर वजनानं दहा-बारा किलो भरे. कॅबिनेट वर रॅकवर, मॉनिटर मांडीवर, आणि मनमाडपर्यंत जागचं हलायचं नाही.

एक गोष्ट आता विसरली गेली आहे. सरकारी नोकरांना घरासाठी आणि मोटारीसाठी जशी अग्रिम रक्कम मिळे, तशी कॉम्प्युटरसाठीही मिळू लागली होती. कागदोपत्री तो घर आणि मोटार यांच्या रांगेत जाऊन बसला होता. गंमत पुढे आहे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारनं मोटार आणि मोटारसायकलचे अग्रिम बंद केले आणि घर आणि कॉम्प्युटर एवढे दोनच चालू ठेवले. कॉम्प्युटरसाठी मर्यादा ५०,००० रुपये, आणि नोकरीच्या काळात पाच वेळा घेता येईल अशी सोय. पाच वेळा! घर आयुष्यात एकदा होतं. कॉम्प्युटर पाचदा घ्यावा लागणार हे सरकारनंही मान्य करून टाकलं.

भावांच्या उतरणीचा तळ दिसला तो २००५ मध्ये. जागतिक व्यापारातल्या १९९७ च्या करारानं कॉम्प्युटर आणि त्याच्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर आणायचं भारतानं कबूल केलं होतं. ते होत आलं आणि तत्कालीन दूरसंचारमंत्री दयानिधी मारन यांनी दहा हजारांच्या आतला पीसी हवा असा धोशा लावला. एचसीएलनं तो ९,९९० रुपयांना काढला. कोलकात्याच्या झेनिटिस कंपनीनं त्याच किमतीला ‘आमार पीसी’ काढला. विंडोजचे पैसे वाचवायला आत लिनक्स. त्या वर्षी सोनं तोळ्याला सात हजारांच्या जवळ होतं. म्हणजे पूर्ण कॉम्प्युटर, मॉनिटरसकट, दीड तोळ्यापेक्षाही कमी. दहा वर्षांपूर्वी एवढ्यात आठ एमबी रॅम येत होती. हे पीसी फारसे खपले नाहीत. दहा हजारांचा असल्याचं सगळ्यांना कळतं म्हटल्यावर लोकांना तो नको होता, आणि चार-पाच वर्षांत मोबाइलनं हा प्रश्नच निकालात काढला.

सोन्यात मोजणं तसं लबाडीचं आहे, हे कबूल. सोनं स्वतःच धावत सुटलंय. २०२५ मध्ये त्यानं तोळ्याला लाख ओलांडले, आणि त्या भावानं पन्नास हजारांचा लॅपटॉप अर्ध्या तोळ्याचा झाला. पण लबाडी काढून टाकून नुसत्या रुपयांत पाहिलं तरी कॉम्प्युटर चढलेला दिसत नाही. नव्वदीच्या मध्यावर चांगला पीसी चाळीस-पन्नास हजारांचा होता आणि आजही चांगला लॅपटॉप तेवढ्याचाच आहे. मधल्या काळात दुधापासून एसटीच्या तिकिटापर्यंत सगळं कितीतरी पटींनी वाढलं.

आणि पैठणी? हातमागावरची साधी पैठणी आज दहा-पंधरा हजारांच्या खाली क्वचितच मिळते. भरगच्च पदराची, ब्रोकेडची लाखाच्या पुढे जाते. याचं कारण मागावर बसल्याशिवाय कळत नाही. पदर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो आणि जमिनीचा जांभळा जिथे सुरू होतो, तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे फिरायचं. खाली आलेख कागदावर नक्षी, चौकोन मोजत एकेक ओळ वर सरकायची. दिवसभरात पदर बोट-दोन बोटंच पुढे सरकतो. दुसऱ्या साडीला पहिल्या साडीइतकाच वेळ लागतो, शंभराव्या साडीलाही तेवढाच. विणकर कितीही वाकबगार असो, त्याच्या हातून दर वर्षी दुप्पट पदर निघत नाहीत. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये जे भाकीत केलं ते चिपवरच्या ट्रान्झिस्टरबद्दल होतं, बोटांबद्दल नव्हतं.

विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हेच व्हायोलिनवाल्यांबद्दल दाखवून दिलं. चौघांचं वादन शंभर वर्षांपूर्वी जितक्या माणसांनी जितक्या वेळात व्हायचं, तितकंच आजही होतं. आजूबाजूचे कारखाने मात्र दरवर्षी जास्त माल काढतात, तिथली मजुरी वाढते, आणि वाजवणाऱ्यालाही ती द्यावीच लागते. नाही दिली तर तो वाजवणं सोडतो. विणकर मागावरून उठून दुसऱ्या कामाला जाऊ नये म्हणून पैठणीचा भाव चढतो. रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेची, त्यांचेही भाव वाढतात, पण मूळ भार हातांचा आहे.

चढणारी पैठणी आणि उतरणारा पीसी यांच्या मधली वाट येवल्यातच आहे. माग आणि कॉम्प्युटर यांचं नातं आता बोलून बोलून गुळगुळीत झालंय, तरी किमतीच्या अंगानं ते अजून नीट सांगितलं गेलेलं नाही. जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ल्यों शहरात भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला. चार्ल्स बॅबेजनं आपल्या न बांधल्या गेलेल्या यंत्रासाठी तीच कल्पना घेतली. पुढे हर्मन हॉलरिथनं अमेरिकेची १८९० ची जनगणना भोकांच्या कार्डांवर केली, आणि त्याच्या कंपनीतूनच आयबीएम झाली. बॅबेजकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, ज्याला चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. ते पुठ्ठे पंच करणं भयंकर खर्चाचं. पण एकदा झाले की तेच चित्र पुन्हा विणायला फक्त धागा आणि वेळ. पहिली प्रत महाग आणि बाकीच्या स्वस्त, हा कॉम्प्युटरच्या स्वस्ताईचा सगळा पाया तिथे आहे. चिपचा आराखडा काढायला कोट्यवधी लागतात, छापायला त्या मानानं किरकोळ. म्हणूनच जॅकार्डवर निघणारी सेमी पैठणी हजार-दोन हजारांत मिळते आणि हाताच्या पदराला तेवढ्यात कुणी विचारतही नाही.

जुन्या कॉम्प्युटर जाहिराती पाहून हसू येतं ते किंमत बघून. हसू नये. त्या किमती वेड्या लोकांनी दिल्या नाहीत. पुठ्ठे पंच करण्याचा खर्च ज्यांनी उचलला, ते हे लोक. दीड तोळ्याची रॅम घेणाऱ्यानं मागाहून येणाऱ्यांची रॅम स्वस्त केली. तसं पैठणीत होत नाही. आज महाग पैठणी घेऊन उद्याच्या गिऱ्हाइकाचं काही वाचत नाही, विणकराचं मात्र घर चालतं.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव पुन्हा झपाट्यानं चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं उभी करणाऱ्या कंपन्यांनी कारखान्यांचा माल आधीच उचलला. कोटेशनच्या तळची ती ओळ, भाव आजच्या दिवसापुरता, पुन्हा खरी ठरली.

हा इतिहास लिहायला बसलं की साधनंच सापडत नाहीत, ही खरी अडचण. वाचनालयं मासिकांचे अंक बांधायला देतात तेव्हा बाइंडर पुष्कळदा जाहिरातींची पानं काढून टाकतो, कारण त्यांनी खंड उगाच जाड होतो. लेख उरतात, भाव जातात. वर्तमानपत्रं रद्दीत जातात. कोटेशनं तर डॉट मॅट्रिक्सच्या फिक्या शाईत छापलेली, ती कागदाआधी विरतात. तुमच्या कपाटात, जुन्या वॉरंटी कार्डात, माळ्यावर पडलेल्या मॉनिटरच्या खोक्यात एखादं कोटेशन, एखादं बिल, कॉम्प्युटर क्लासचं फीचं पावती-पुस्तक असेल तर ते टाकू नका. मागे पेन्सिलीनं गाव आणि साल लिहा, मोबाइलवर फोटो काढा, आणि मूळ कागद गावच्या वाचनालयात नेऊन द्या. वाचनालयाला तो पुष्कळ दिवस उपयोगी पडेल.